एम३ घेताना ऑप्शनचे पैसे कुठे घालायचे? माझ्या मते सिरॅमिक ब्रेक यादीतून पहिले काढा

म्युनिकवासी

मंडळी, इथे म्युनिकला माझा एक मित्र बीएमडब्ल्यू एम३ कॉम्पिटिशन बुक करतोय, एक्सड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) वाली, २०२४ च्या फेसलिफ्टनंतरची ५३० पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर). रोज रात्री माझ्याकडे येऊन ऑप्शनची यादी उघडून बसतो आणि प्रत्येक चौकटीवर टिक करायची त्याची इच्छा असते, म्हणून म्हटलं धागाच काढावा.

आधी एक लक्षात घ्या, ही गाडी काहीही न जोडता घेतली तरी भरपूर काही येतं. ६५० न्यूटन मीटर टॉर्क, साडेतीन सेकंदात शंभर, ॲडाप्टिव्ह सस्पेन्शन, मागे एम डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं), कार्बनचं छप्पर, आणि पुढे ३८० मिलिमीटरच्या डिस्क सहा पिस्टनच्या कॅलिपरसकट (कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग). वाद आहे तो वरच्या चार गोष्टींवर: कार्बन सिरॅमिक ब्रेक (लोखंडी डिस्कऐवजी हलक्या कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क), कार्बन बकेट सीट्स, टॉप स्पीड २५० वरून २९० करणारं ड्रायव्हर्स पॅकेज आणि ट्रॅकचे टायर.

माझं मत स्पष्ट आहे, सिरॅमिक ब्रेक सगळ्यात आधी काढा. का, तर एकदा जोरात ब्रेक दाबला आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सुरू झालं म्हणजे टायरची पकड संपलीये, डिस्क कमी पडत नाहीये. लोखंडी डिस्कवर एबीएस लागत असेल तर ४०० मिमीची सिरॅमिक लावून पहिल्या ब्रेकमध्ये गाडी आधी थांबणार नाही. गाडी टायर थांबवतो! त्याच पैशात चाकांचा दुसरा सेट, त्यावर मिशेलिनचे कप २ (ट्रॅकचे टायर), थंडीचे चांगले टायर, ट्रॅकचे पॅड आणि ब्रेक फ्लुइड इतकं सगळं येतं आणि वर ड्रायव्हिंग ट्रेनिंगलाही उरतात. पटत नसेल त्यांनी कारणासकट सांगा.

डावी_लेन

अजिबात पटलं नाही. तुम्ही एका ब्रेकचं गणित मांडलंत, जर्मनीत राहून आउटोबानचं (बऱ्याच पट्ट्यांत वेगमर्यादा नसलेल्या हायवेचं) विसरलात. स्टुटगार्टहून म्युनिककडे ए८ ने येताना मोकळ्या पट्ट्यात २५० ला आहात आणि समोर कोणीतरी ट्रकला ओव्हरटेक करायला १०० ने डावीकडे आला. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, त्यामुळे २५० वरून १०० वर येताना ब्रेक जेवढी उष्णता खातात ती १०० वरून गाडी पूर्ण थांबवण्याच्या सव्वापाच पट असते. आणि हे एकदाच होत नाही, तीन किलोमीटरवर पुन्हा तेच, मग पुन्हा. अशा रस्त्यावर रोज जाणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या वेळीही पहिल्यासारखाच ब्रेक लागणार हा भरवसा पैशात मोजायचा नसतो. शिवाय चाकाजवळचं वजन कमी होतं, त्याने खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला जास्त चिकटून राहतो, हे तुम्ही धरलंच नाहीत.

म्युनिकवासी

@डावी_लेन सव्वापाच पट मान्य, गणित बरोबरच आहे. पण त्या दोन ब्रेकच्या मधे तीन किलोमीटर वारा लागतोय की डिस्कला! लोखंडी डिस्क जड असते म्हणूनच एक मोठा घास उष्णता सहज पोटात घेते आणि मग हळूहळू सोडते. सिरॅमिक हलकी, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेला ती जास्त तापते, तिला त्याचं काही होत नाही पण शेजारी पॅड आहे, कॅलिपर आहे, आतलं फ्लुइड आहे. ब्रेक जातो तो बऱ्याचदा फ्लुइड उकळून. डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा नेहमीचा दर्जा) चा मानकाप्रमाणे किमान उत्कलनबिंदू नवीन असताना २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५. म्हणजे दोन वर्षं फ्लुइड न बदललेला सिरॅमिकवाला आणि ताजं फ्लुइड भरलेला लोखंडवाला यात मी दुसऱ्याच्या गाडीत बसेन.

न्यूजर्सीकर

इथल्या बाजूने थोडं. अमेरिकेत सिरॅमिकचे आठ हजार डॉलरच्या वर लावतात आणि ड्रायव्हर्स पॅकेजचे अडीच हजार, न्यूजर्सीत तर कुठल्याही हायवेला ६५ मैलांच्या वर मर्यादाच नाही, तेव्हा २९० किलोमीटरचं काय करायचं सांगा. तरीही मी पॅकेजच्या बाजूने बोलेन कारण त्यासोबत बीएमडब्ल्यूच्या शाळेतलं एक दिवसाचं ट्रेनिंग येतं, आणि ५०० हॉर्सपॉवरची गाडी घेणाऱ्या आपल्या किती लोकांनी मोकळ्या जागेत पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून पाहिलाय? बहुतेक जण अर्धाच दाबतात.

पण माझा खरा राग बकेट सीटवर आहे. दोन सीट मिळून ९.६ किलो वाचतात असं कंपनीच सांगते. १७८० किलोच्या गाडीत ९.६ किलो म्हणजे अर्धा टक्का. त्यासाठी मांड्यांच्या मधे कार्बनचा तो उंचवटा आणि बाजूच्या उंच भिंती. ही चार दारांची गाडी आहे हो. भारतातून आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, सत्तरीतला माणूस त्या कडेवरून आत सरकणार कसा आणि बाहेर निघणार कसा? एका हाताने दार, दुसऱ्या हाताने ए पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब), आणि कंबर त्या कडक कडेवर टेकलेली. स्टँडर्ड एम सीट काही वाईट नाही, हीटेड आहे, आधारही चांगला देते.

सरळ_सहा

@न्यूजर्सीकर आईबाबांचं पटलं पण सीट वजनासाठी घेतच नाही कोणी. ती घ्यायची ती वळणात अंग जागेवर राहावं म्हणून. लांब वळणात साध्या सीटवर आपण गुडघा दाराला टेकवतो, स्टिअरिंगला लोंबकळतो, आणि लोंबकळणाऱ्या हाताला स्टिअरिंगमधून काहीच कळत नाही. बकेटमध्ये अंग धरलं की हात मोकळे होतात. मला विचाराल तर चारही ऑप्शनमध्ये माणसाचं ड्रायव्हिंग खरंच सुधारणारी गोष्ट हीच, बाकी तीन गाडीला सुधारतात. आणि ती गरम होते, इलेक्ट्रिकने पुढेमागे होते, अगदी रेसिंगची कडक टोपली नाहीये ती. अट एकच, घेण्याआधी त्यात तासभर बसून बघा, पाच मिनिटं नाही. मांड्या जाड असतील तर तो उंचवटा पहिल्या तासातच कळतो.

पुण्याचा_एम३४०

माझ्याकडे बीएमडब्ल्यूचीच एम३४०आय आहे, ३७४ हॉर्सपॉवर, चेन्नईला जोडलेली. नवीन एम३ सेडान इथे मिळतच नाही तेव्हा इच्छा असून उपयोग नाही. पण तुमच्या यादीत एक गोष्ट कोणी धरत नाहीये, चाकाचा आकार. कॉम्पिटिशनला मागे २८५/३० आर२० टायर येतात. २८५ मिमी रुंदीचे तीस टक्के म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधे जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रबर. आमच्याकडे पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं की खोली दिसत नाही, तिथे एवढ्या रबरावर रिमच वाकते. मी म्हणेन परफॉर्मन्सवर पैसे खर्च करायचेत तर एक इंच लहान रिम आणि जाड टायर घ्या, गाडी खड्ड्यातून उडत नाही म्हणजे पॉवर रस्त्यावर राहते. आणि घाट उतरताना ब्रेक तापतात म्हणून सिरॅमिक घ्या म्हणणाऱ्यांनो, खंडाळा उतरताना खालचा गिअर टाका की, गिअरबॉक्स आठ गिअरचा दिलाय तो कशाला.

डावी_लेन

@पुण्याचा_एम३४० लहान रिमचं भारतासाठी शंभर टक्के खरं. पण धागा म्युनिकच्या गाडीचा आहे, तिथे ही अडचण नाही. बाकी इंजिन ब्रेकिंगने घाट उतरता येतो, २५० वरून अचानक १०० वर येता येत नाही.

रिंगवाली_ताई

मी ट्रॅक डेला पिटमध्ये मदत करते, नॉर्डश्लाइफला (न्यूर्बर्गरिंगच्या लांब ट्रॅकला) बऱ्याचदा असते, म्हणून तिथलं सांगते. तुम्ही दोघंही (म्युनिकवासी आणि डावी_लेन) एकच गोष्ट गृहीत धरताय की सिरॅमिक म्हणजे ट्रॅकची वस्तू. प्रत्यक्षात नियमित ट्रॅकवर येणारे कितीतरी जण सिरॅमिक काढून घरी ठेवतात आणि लोखंडी डिस्क लावून येतात. कारण लोखंडी डिस्क झिजली की बदलता येते, खिशाला खड्डा पडत नाही. सिरॅमिकची झीज नुसती जाडी मोजून कळत नाही. तिच्या मधल्या भागावर किमान वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असतं. डिस्क काढायची, पुसायची, काट्यावर ठेवायची आणि आकडा त्याखाली गेला का बघायचं. कारण अति तापली की आतला कार्बन जळत जातो, जाडी तशीच दिसते पण डिस्क हलकी झालेली असते. चाक काढतानाही बोल्टच्या भोकात लांब गाइड पिन लावून सरळ बाहेर ओढायचं, रिमची कड डिस्कच्या कडेवर आपटली तर टवका उडतो, आणि टवका उडालेल्या डिस्कवर २० किलोमीटर ८३२ मीटरचा रिंग मी कोणाला मारू देणार नाही.

उलट रस्त्यावर वापरणाऱ्याला सिरॅमिक फार चांगलं. गंजत नाही, रिमवर काळी धूळ जवळपास नाही, आणि रस्त्याच्या वापराला वर्षानुवर्षं जातं. तेव्हा ट्रॅकला जायचंय म्हणून सिरॅमिक घेत असेल तर तुमच्या मित्राला थांबवा, आणि ट्रॅकला जायचंच नाही म्हणून काढत असेल तरीही थांबवा.

अजून एक, @म्युनिकवासी. या गाडीत पेडल आणि हायड्रॉलिक्सचा थेट संबंध नाही, पेडलचा कडकपणा सिस्टिम ठरवते, म्हणूनच त्यात कम्फर्ट आणि स्पोर्ट असे दोन प्रकार देतात. जुन्या गाड्यांत फ्लुइड तापलं की पेडल मऊ पडायचं आणि पायाला इशारा मिळायचा. इथे त्या इशाऱ्यावर विसंबू नका. फ्लुइड तारीख बघून बदला.

म्युनिकवासी

@रिंगवाली_ताई पेडलचा मुद्दा फार मोलाचा, आजच मित्राला पाठवतो. पण रिमवर धूळ नको म्हणून कोणी एवढी रक्कम मोजावी हे मला अजूनही पटत नाही, धुळीला पाण्याची नळी पुरते. तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा पक्का होतोय ना, ट्रॅकवाला लोखंडावर परत येतो आणि रस्त्यावाल्याला कारण उरतं ते सोयीचं. सोयीची वस्तू परफॉर्मन्स म्हणून विकली जातेय यालाच माझा विरोध आहे.

डावी_लेन

सोयीची नाही, रोज दीडशे किलोमीटर आउटोबान करणाऱ्याच्या सुरक्षेची. मित्र किती चालवणार, कुठे चालवणार हे न सांगता तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात.

म्युनिकवासी

बरं, सांगतो. घर ते ऑफिस रिंग रोडने, वीकेंडला आल्प्सकडे, वर्षातून एखाद-दोन ट्रॅक डे. काल रात्री त्याने यादी पाठवली: सिरॅमिक काढलेत, बकेट सीट्स ठेवल्यात, कप २ दुसऱ्या चाकांवर घेणार, आणि ड्रायव्हर्स पॅकेज ठेवलंय.

डावी_लेन

म्हणजे २९० ठेवलं आणि ब्रेक काढले?? हे उलटं आहे. २९० ला गाडीत जी ऊर्जा असते ती २५० च्या तुलनेत चौतीस-पस्तीस टक्के जास्त. वेग वाढवणारा ऑप्शन घ्यायचा आणि तो पेलणारा सोडायचा याला काही अर्थ नाही. दोन्ही घ्या नाहीतर दोन्ही काढा.

न्यूजर्सीकर

ट्रेनिंगसाठी ठेवलं असेल तर बरोबर केलं.

डावी_लेन

ट्रेनिंग वेगळं विकत मिळतं, बीएमडब्ल्यूचंच. त्यासाठी लिमिटर उठवायची गरज नाही.

रिंगवाली_ताई

शिवाय थंडीचं बघा. बर्फाच्या रस्त्यावर जर्मनीत विंटर टायर सक्तीचे आहेत, आणि बऱ्याच विंटर टायरवर व्ही अक्षर असतं म्हणजे मर्यादा २४०. गाडीचा टॉप स्पीड टायरपेक्षा जास्त असला की ड्रायव्हरला दिसेल असं स्टिकर लावावं लागतं. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च २९० नाही आणि २५० पण नाही. कप २ वर तर ओल्या रस्त्यात मी शंभरलाही जपून जाईन. २९० कुठल्या टायरवर, कुठल्या महिन्यात, हे त्याला विचारा.

म्युनिकवासी

विचारलं. जून-जुलै म्हणाला, स्टँडर्ड टायरवर, पहाटे. मी त्याला डावी_लेनचा आकडा पाठवलाय, बुकिंग शुक्रवारी आहे.