इंजिन उघडण्याआधी पाना फिरवून बघा

तीन सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरला मोठा ठोका आणि मिसिंग (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही), म्हणून थेट क्रँकचं बेअरिंग बदला, असा सल्ला कुणीतरी दिलाय. जरा थांबा. आधी नोजल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, तपासा, खर्च फक्त वेळेचा.

इंजिन गरम करून स्लोवर ठेवा. नोजलवरच्या हाय प्रेशर पाइपचा नट अर्धा आटा सैल करा, एकावेळी एकच. चांगला सिलिंडर बंद झाला की इंजिन लगेच दबतं. ज्याचा नट सोडूनही आवाजात, आरपीएममध्ये फरक नाही, तो मेलेला. आणि नट सोडताच ठोका गेला, तर बहुतेक नोजलची सुई अडकलेली किंवा ती ठिबकतेय: डिझेल फवाऱ्याऐवजी थेंबाने पडतं, उशिरा आणि एकदम पेटतं. पण गजनपिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) किंवा बेअरिंगचा ठोकाही भार कमी झाल्यावर थोडा मवाळ होतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

खात्रीसाठी ते नोजल शेजारच्या सिलिंडरला लावा, तांब्याचा वॉशर नवा टाकून. ठोका नोजलबरोबर सरकला तर दोष नोजलचाच. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) बघा, मग खालचं, म्हणजे क्रँक-बेअरिंगचं काम. सगळ्याच सिलिंडरला सारखा ठोका असेल, तर डिझेल पंपाचं टायमिंग पुढे गेलंय का, म्हणजे डिझेल लवकर फवारलं जातंय का, पाहा. पंप नुकताच उतरवला असेल तर हेच आधी.

कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळणाऱ्या) गाडीवर मात्र नट सोडायचा हा प्रकार अजिबात नको. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, धार कातडीत घुसते.