पॅरलल कॉल मारले की टाईपची खिचडी होतीय, हेल्पर (मदतीचं फंक्शन) कसा लिहावा?

उदगीरचा_कोडर:
मंडळी, धरणातलं पाणी, पाऊस आन् बाजार समितीचे भाव एकाच पानावर दाखवणारं ॲप करायलोय, टाईपस्क्रिप्टमधी. कॉल एकदमच सोडायचेत, एकामागं एक अवेट केले तर पान उघडायला लई टाईम जातो. कॉलचा ॲरे आधी एका व्हेरिएबलमधी धरला आन् मग प्रॉमिस.ऑलला (सगळ्या कॉलची उत्तरं एकदम आणून देणारं फंक्शन) दिला, तर जायकवाडीचा टक्का नंबर असतो, सोयाबीनचा भाव म्हंजे किमान, कमाल, सर्वसाधारण असा ऑब्जेक्ट, पण एडिटर म्हणतो दोन्हीकडं ह्यातलं कायबी असू शकतं. दरवेळी ॲज लावून टाईप आपणच सांगत बसायचं का?

गोदाकाठ:
ॲज कामून लावायलास? ॲरे थेट प्रॉमिस.ऑलच्या कंसात लिही, मग टपल (प्रत्येक जागेचा टाईप ठरलेला ॲरे) धरतंय. वेगळा ठेवला की साधा ॲरे समजून सगळ्या टाईपचं युनियन (ह्यातलं कायबी) करतंय. वेगळाच ठेवायचा असंल तर ॲज कॉन्स्ट, तेवढा ॲज चालतोय.

परभणी_डेव्ह:
टपल तीन कॉलपुरतं ठीकय. आठ झाले अन् मधी एक घुसवला की पुढचे सगळे सरकतात, आन् दोन्हीचा टाईप नंबरच असला तर कंपायलर गप बसतो, येलदरीचं पाणी माजलगावच्या नावावर दिसतंय आन् कुणाला पत्ता नाही. म्हणून हेल्परला ऑब्जेक्ट दे भाऊ, की म्हंजे नाव आन् व्हॅल्यू म्हंजे फंक्शन. प्रॉमिस (सुरू झालेल्या कॉलचं पुढं येणारं उत्तर) देऊ नको, फंक्शनच दे, कारण प्रॉमिस हातात आलं तवा काम सुरू झालेलं असतंय, मग एका टायमाला पाचच कॉल असली लिमिट हेल्परला लावताच येत नाही. रिटर्न टाईप मॅप्ड ठेव, म्हंजे टी (दिलेल्या ऑब्जेक्टचा टाईप) मधल्या प्रत्येक कीसाठी त्या फंक्शनचा रिटर्नटाईप आन् त्याच्यावर अवेटेड (प्रॉमिसच्या आतला टाईप काढणारं), हे टाईपस्क्रिप्ट 4.5 पासून आयतं मिळतंय. आत ऑब्जेक्ट.फ्रॉमएंट्रीज कीची नावं विसरतंय, तिथं एक ॲज लावावाच लागतो, लाव, बाहेर पन्नास जागी लावण्यापरीस बरं. फक्त ऑब्जेक्ट वेगळा लिहिला तर त्याला रेकॉर्ड टाईप देऊ नको, नावं जातात, सॅटिस्फाईज वापर (4.9 पासून), ते टाईप नुसता तपासतंय, नावं तशीच ठेवतंय.

उदगीरचा_कोडर:
ऑब्जेक्टचं पटलं. पण पावसाची साईट बंद पडली तर भावबी जाणार का?

परभणी_डेव्ह:
प्रॉमिस.ऑल असंल तर जाणार. वरून बाकीचे कॉल थांबतबी नाहीत, मागं चालूच राहतात, त्यांना थांबवायला फंक्शनला अबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल द्यावा लागतो. तुझ्या पानाला ऑलसेटल्ड (2020 पासून भाषेतच हाय) बरं, मग प्रत्येक नावापुढं फुलफिल्ड किंवा रिजेक्टेड येतंय, आन् स्टेटस तपासल्याबिगर व्हॅल्यूला कंपायलर हातच लावू देत नाही. रीझन (पडण्याचं कारण) तेवढं एनी (कायबी चालणारा टाईप) असतंय, हेल्परमधी त्याला अननोन (तपासल्याबिगर वापरू न देणारा) कर.

गोदाकाठ:
आम्ही तर फक्त प्रॉमिस.ऑलच ठेवतो बाबा, एक पडलं तर सगळंच एरर, सोपं पडतंय.

परभणी_डेव्ह:
पेमेंटच्या पानाला ठीकय. इथं पाऊस नाही कळला तरी सोयाबीनचा भाव बघणाऱ्याला भाव पाहिजेच ना.

जालना_बॅकएंड:
एक सांगतो, हे सगळं नेटवर्कची वाट बघण्यापुरतं. वर्षभराच्या भावांचं जड गणित असंल तर एकाच थ्रेडवर काय पॅरलल होत नाही, वर्कर (वेगळ्या थ्रेडवर चालणारा कोड) लागतो, आन् वर्करला फंक्शन पाठवता येत नाही, नुसता डेटा जातो. तिकडून परत आलेला मेसेजबी एनीच असतो, तो आधी तपासून घे.