युनोच्या मानवाधिकार जाहीरनाम्याचा आमच्या गावच्या मजुराले काही उपयोग हाय का?

यवतमाळकर_पोट्टा: आमच्या गावची चार घरं दिवाळीनंतर परराज्यात वीटभट्टीवर गेली, मुकादमानं घरटी उचल देल्ली होती. आता मृग तोंडावर आला तरी भट्टीवाला सोडत नाही, म्हणते उचल फिटली नाही, मोबाइल बी काढून घेतले, एका बाईनं कोणाच्या तरी फोनवरून चोरून निरोप देल्ला. १९४८ च्या जाहीरनाम्यात कलम ४ हाय ना, कोणालेच गुलामीत ठेवता येत नाही म्हणून? मंग जिनिव्हाले युनोच्या हापिसात तक्रार करता येते का?

वर्धेची_वकील: भाऊ, जिनिव्हा नंतर. नागरी हक्कांचा १९६६ चा करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला, पण एकट्या माणसाची तक्रार थेट युनोच्या समितीकडे नेता येते तो जोडकरार आपण घेतलेला नाही. तुझ्या कामाचा हाय १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा. भट्टी ज्या जिल्ह्यात हाय तिथल्या कलेक्टरले आजच मेल टाक, एक प्रत आपल्या कलेक्टरले. उचल किती, मजुरी किती भेटली, बाहेर जाऊ देत नाहीत, सगळं लिही. अन् सुटका झाली की सुटकेचा सरकारी दाखला हातात घेतल्याशिवाय कोणी गाडीत बसू नका, त्याच्याशिवाय पुनर्वसनाचे पैसे अडकतात. या कायद्यानं वेठबिगारीतली उचल फेडायची जबाबदारीच संपते, मुकादम दारात आला तरी भ्यायचं नाही.

कास्तकार७२: म्हणजे युनोचे कागद कागदच राहिले ना ताई, गरिबाले काय भेटलं?

वर्धेची_वकील: नाही दादा, तसं नाही. कामाच्या ठिकाणी बाईच्या छळावर आपल्याकडे कायदाच नव्हता, तेव्हा १९९७ मध्ये विशाखा खटल्यात सुप्रीम कोर्टानं महिलांबद्दलच्या युनोच्या कराराचा आधार घेऊन नियम घालून देल्ले, ते देशभर लागू झाले. सक्तीच्या मजुरीवरचा १९३० चा आंतरराष्ट्रीय करार बी भारतानं १९५४ मध्येच मान्य केला. सरकारनं जिथं सही केली तिथं जाब विचारता येते, पण विचारणारा पायजे.

मेळघाट_मास्तर: राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे बी टाका, १९९३ च्या कायद्यानं झालेला हाय. फी नाही, मराठीत चालते, पण घटनेपासून वर्षाच्या आत.

यवतमाळकर_पोट्टा: लेकरं बी तिथीच विटा उलटवून रायले, त्यायचं वेगळं लिहू का?

वर्धेची_वकील: हो, नाव-वय टाकून वेगळं लिही. अन् ज्या फोनवरून निरोप आला त्याचा नंबर अर्जात टाकू नको, त्या बाईले त्रास होईल, तो कलेक्टर ऑफिसले तोंडी सांग.