रूममेट स्वतः गेम बनवतोय, मी क्रॅकवाला, आता तो बोलतच नाहीये. माझं काय चुकलं?

हॉस्टेल_रूम_२१४

थर्ड इयरला आहे, गाव इचलकरंजीजवळ, आता पुण्यात हॉस्टेलला. आजपर्यंत एकही गेम विकत घेतलेला नाही, खरं ते सांगतो. आधी कॅफेत व्हाइस सिटी, मग भावाच्या पेनड्राइव्हमधून, आता रिपॅक, म्हणजे नेटवरची क्रॅक केलेली फुकटची कॉपी. आमच्याकडे गेम घेतला म्हणजे कुणाच्यातरी हार्डडिस्कवरून घेतला हाच अर्थ.

रूममेट सव्वा वर्ष झालं एकटाच गोडो नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवतोय, रात्री दोन दोनपर्यंत जागतो. परवा मेसवरून येताना सहज म्हणालो की तुझा गेम आला की क्रॅक पहिला मीच शोधणार बघ. गंमत होती राव. तो हसलाच नाही आणि तेव्हापासून "चार्जर दे", "लाइट बंद कर" एवढंच बोलणं चाललंय.

आता मला सांगा, माझ्याकडे पैसे नाहीतच, म्हणजे मी तसाही घेणार नव्हतो, मग त्याचं नुकसान नक्की काय झालं? आणि त्याच्या लॅपटॉपवर जो फोटोशॉप आहे तो कुठून आलाय ते मला माहितीये, मीच टाकून दिलाय.

---

लॅमिंग्टन_रोडचं_जुनं_गिऱ्हाईक

शेवटचं वाक्य वाचून हसलो 😀

आमच्या काळात ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवर चालायला लागायचं, एक पोरगा शेजारी येऊन हळूच विचारायचा "सीडी सीडी, गेम्स, सॉफ्टवेअर?" आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीतली सीडी, त्यावर मार्करने लिहिलेलं नाव, अर्धी घरी जाऊन चालायचीच नाहीत. ओरिजिनल मिळायचं कुठे? मिळालं तरी एका गेमची किंमत म्हणजे घरातलं महिन्याचं किराणा. तेव्हा चोरी वगैरे डोक्यातही आलं नाही, आणि आज त्याची फार लाज वाटते असंही नाही, खोटं कशाला बोलू.

पण तुझं तसं नाही. स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, २०१५ पासून रुपयात किंमती आहेत, छोटे गेम सेलमध्ये वडापाव-चहाच्या दोन-तीन दिवसांच्या खर्चात येतात. मिळतच नाही ही सबब आमची होती, ती तू वापरू नको.

कायद्याचं म्हणशील तर कॉपीराइट अॅक्ट १९५७ मध्ये कलम ६३बी आहे, पायरेटेड सॉफ्टवेअर माहीत असून वापरलं तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. हॉस्टेलवर कुणी धाड टाकायला येत नाही हे मलाही माहितीये. पण रूममेटने उद्या गेम विकायला काढला की त्याचा तो फोटोशॉप "धंद्यासाठी" होतो, एवढं त्याला सांग.

---

रिपॅक_झिंदाबाद

झालं सुरू कीर्तन. भावा, सायकल चोरली तर मालकाकडे सायकल राहत नाही, गेम कॉपी केला तर त्याच्याकडे गेम आहेच की. आणि डेव्हलपर स्वतःच टॉरेंट टाकतात. २०१७ ला डार्कवूडवाल्यांनी स्वतःचा गेम पायरेट बे या टॉरेंट साइटवर टाकला, पैसे नसतील तर हा घ्या म्हणाले. पोलंडमधली तीन पोरं. फुकटात पब्लिसिटी झाली, सगळ्या जगाने बातमी केली. उलट रूममेटने तुला थँक्यू म्हणायला पाहिजे.

---

पिक्सेल_ताई

डार्कवूडची अर्धीच गोष्ट सांगितलीस. एकाने रिफंड मागितला होता, महिन्याअखेरीस बिल बघून आईवडलांना टेन्शन येऊ नये म्हणून. त्यावरून त्यांनी टॉरेंट टाकलं, आणि सोबत हेही लिहिलं की की-रीसेलिंगच्या, म्हणजे गेम चालू करायचे कोड परत विकणाऱ्या, साइटवरून मात्र गेम घेऊ नका. कारण तिथल्या काही कीज चोरीच्या कार्डवर घेतलेल्या असतात, खरा कार्डवाला बँकेकडे तक्रार करतो आणि चार्जबॅकचा, म्हणजे पैसे परत करायचा, भुर्दंड डेव्हलपरवर येतो. फॅक्टोरिओ या गेमच्या १९८ कीज अशा निघाल्या होत्या, शेवटी २०२० मध्ये जीटूए या साइटला फॅक्टोरिओवाल्यांना ३९,६०० डॉलर द्यावे लागले. म्हणजे "अर्ध्या किमतीत की मिळाली" म्हणून खूश होणारा कधीकधी क्रॅकवाल्यापेक्षा जास्त खड्डा पाडतो. आणि घर मालकाने उघडून दिलं म्हणजे शेजारच्याचं कुलूप तोडायची परवानगी नाही मिळत रे.

आता २१४, तुझा प्रश्न. मी दोघींच्या टीममध्ये काम करते, आमचा एक छोटा गेम स्टीमवर आहे. क्रॅक निघाला तेव्हा खरं सांगू, पहिल्यांदा बरंच वाटलं, म्हटलं कुणाला तरी आपला गेम क्रॅक करावासा वाटला. नंतर कळलं कुठे दुखतं ते.

"मी तसाही घेणार नव्हतो" हे मला मान्य आहे. प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री असला हिशोब मी करत नाही. पण स्टीमवर गेमच्या नावाखाली "पॉझिटिव्ह" वगैरे जो शेरा दिसतो ना, तो दहा रिव्ह्यू झाल्याशिवाय येतच नाही. मोठ्या कंपनीला दहा रिव्ह्यू पहिल्या मिनिटात मिळतात, आम्हाला ते व्हायला कित्येक आठवडे गेले, त्या काळात पेज उघडणारा माणूस रिकामी जागा बघून परत जात होता. आणि त्याच वेळी टॉरेंटच्या खाली कमेंट, "मस्त गेम आहे, सीड करा". ही तारीफ आमच्या काय कामाची? क्रॅकवाला रिव्ह्यू देऊ शकत नाही, विशलिस्टमध्ये दिसत नाही. त्याला गेम कितीही आवडो, दुकानाच्या दृष्टीने तो माणूसच नाही. रिपॅक भाऊ, तुझी पब्लिसिटी तिथेच संपते.

वर बग आला की मेल आमच्याकडेच. एकाने तीन मेल केले सेव्ह करप्ट होतंय म्हणून, आम्ही दोन रात्री शोधलं, शेवटी निघालं की त्याच्याकडे पहिल्या आठवड्याचं क्रॅक व्हर्जन आहे, तो बग आम्ही कधीच काढला होता.

पैशाचं सांगायचं तर ३०० रुपयांच्या गेममधून १८ टक्के जीएसटी गेला, उरलेल्यातून स्टीमचे ३० टक्के गेले, हातात पावणेदोनशेच्या आसपास, त्याच्यावर पुन्हा आपला टॅक्स. गेम चढवायलाच आधी १०० डॉलर भरावे लागतात.

---

गुगली_गणेश

गेम डेव्ह टायकूनचा किस्सा कुणीच नाही सांगितला? २०१३, दोन भावांची कंपनी. गेममध्ये तुम्ही गेम कंपनी चालवता. त्यांनी रिलीजच्या दिवशी स्वतःच क्रॅक म्हणून एक व्हर्जन टॉरेंटवर सोडलं, फरक एवढाच की त्यात काही वर्षांनी तुमची कंपनी पायरसीमुळे बुडते, काहीही करा. पहिल्या दिवशी ३,३१८ जण खेळले त्यातले विकत घेणारे २१४. (रूम नंबर बघ भावा, नशीब म्हणतात ते हेच 😂) आणि मग पायरेटेडवाले ऑनलाइन विचारत फिरत होते की पायरसी थांबवायला गेममध्ये डीआरएमचं, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाचं, संशोधन कसं करायचं!

---

रिपॅक_झिंदाबाद

हा भारी आहे, मान्य. पण ताई, डेमो का नाही ठेवत? ४०० रुपये घालवून कचरा निघाला तर?

---

पिक्सेल_ताई

दोन तासांपेक्षा कमी खेळलास आणि १४ दिवसांच्या आत असलास तर स्टीम पैसे परत देतं. आमचा गेमच दोन-अडीच तासांचा, काहीजण संपवून रिफंड घेतात, तेही सोसतो. पण डेमोचं तुझं बरोबर आहे. आम्ही ठेवला नव्हता, आळस केला, ती चूक आमची. पोराकडे पैसे नाहीत आणि गेम कसा आहे ते बघायचा दुसरा रस्ताही नाही, मग तो टॉरेंटवर गेला तर त्याला मी फार बोलणार नाही. नोकरी लागल्यावरही जो जातो त्याला बोलेन.

आणि पुण्यातच आहात तर राजी हा गेम माहितीच असेल, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स कंपनीचा. २०१७ ला किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला, टीममधल्या एकीने फ्लॅट विकला, तेव्हा कुठे २०२० ला गेम आला. रूममेट हसला नाही कारण तो आत्ता त्या मधल्या वर्षांत आहे. तुझं वाक्य चुकीच्या वेळी पडलं, बाकी काही नाही.

---

हॉस्टेल_रूम_२१४

काल रात्री बोललो. सॉरी म्हणालो तर आधी म्हणाला झोप. मग लाइट बंद केल्यावर अंधारातच तासभर बोलत होतो. फोटोशॉपचा विषय मी नाही काढला, त्यानेच काढला, उडवला म्हणाला आणि क्रिता हे फुकटचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाकलंय, ब्रश सापडत नाहीत म्हणून शिव्या देतोय सकाळपासून.

मला गेमचा बिल्ड, म्हणजे आत्तापर्यंत बनलेला गेम, दिलाय पेनड्राइव्हवर. सवयच आहे मला तशी 😅 पण सोबत एक वही दिलीये, जिथे अडकशील ते पान नंबर घालून लिही म्हणाला. तिसऱ्या लेव्हलला भिंतीतून आरपार गेलो, ते लिहिलंय.

---

लॅमिंग्टन_रोडचं_जुनं_गिऱ्हाईक

पेज आलं की लिंक टाक रे. पहिल्या दहात एक माझा धर.

---

हॉस्टेल_रूम_२१४

टाकतो काका. अजून वेळ आहे, १०० डॉलर जमवतोय तो, आणि पेजच्या वरचं चित्र क्रितामध्ये पुन्हा काढायचंय.