तंबोरा लावायला वीस मिनिटं कशाला?

तबलेवाला: परवाच्या बैठकीत तंबोरे जुळायलाच वीस मिनिटं गेली. फोनमधल्या ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या ॲपवर) दोन मिनिटांचं काम. ‘कान, कान’ म्हणून श्रोत्यांना किती ताटकळत ठेवणार?

खर्जवाली: वाचून राहवलं नाही. साध्या ट्यूनरचा पंचम षड्जापासून ७०० सेंटला (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) थांबतो, षड्जात मिसळणारा पंचम ७०२ च्या आसपास. काळी एक पट्टीत एवढ्या फरकानेही साधारण दोन सेकंदांना एक हेलकावा येतो. माझ्या गुरुजींना तो हेलकावा लगेच टोचायचा. मला आधी खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून, आपोआप निघणारा गंधार लागतो. तो उमलला की मी सूर बारीक जुळवायचा तारेवरचा मणी सोडते. गुरुभगिनीला जवारी, म्हणजे तारेचा झणकार, खटकते; ती घोडीवर तारेखालचा दोराच सरकवत बसते. तिघांचेही तंबोरे सुरात, पण ऐकणं तीन तऱ्हांचं.

तबलेवाला: म्हणजे मोजमापच नको? शुद्ध पंचमाची सोय असलेले ट्यूनर मिळतात, ते आधी बघा.

भीमाकाठ: उन्हाचं कुणीच बोलत नाही. एप्रिलात सोलापूर ४३ अंशांवर, आत एसी. बाहेर लावलेली तार थंडाव्यात चढते. आणि मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आनंद आहे. पण त्याचा भोपळा कुठला? आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा! वडिलांनी दोन वर्षं लावला. अवकाळीने फळांवर डाग पडले, व्यापाऱ्याने भाव निम्म्यावर आणला. तिसऱ्या वर्षी ऊस लावला. त्याची बातमी कुठे आली?

खर्जवाली: दादा, भोपळ्याचा धागा वेगळा काढा. इथे कानाचं चाललंय.

भीमाकाठ: वेगळा का? भोपळाच नसेल तर तुमचा गंधार घुमणार कशात? आमच्या गावात मोठमोठ्या गवयांच्या गप्पा होतात, वेल कोण जगवतं हे कुणी विचारत नाही.

तबलेवाला: भाव पाडला हे वाईटच. पण वीस मिनिटांचं उत्तर राहिलं.

खर्जवाली: तबल्याच्या कडेची सोळा घरं सुरात मिळवताना तुम्ही फोन बघता?

तबलेवाला: नाही. हातोडी आणि कान. बरं, तेवढं मान्य. पण अर्धा तास आधी, एसी लावून, आत बसून जुळवा की!

खर्जवाली: आम्ही चार वाजल्यापासून आतच होतो. आयोजकांनी एसी लावला पहिल्या घंटेनंतर. उन्हाचं भीमाकाठ म्हणतात ते खरंच, तारा तेव्हाच चढल्या.