एजन्सी मार्जिन लपवतेय, रिन्यूअलला काय बोलू? मदत हवी आहे

हिंजवडीत थर्ड पार्टी पेरोलवर (काम क्लायंट कंपनीत, पगार एजन्सीकडून) दीड वर्ष झालं. एजन्सीवाला पहिल्यापासून म्हणतोय की क्लायंट महिन्याला १ लाखच देतो, आम्हाला जेमतेम ८ टक्के सुटतात, आणि माझ्या हातात ७८ हजार. परवा क्लायंटच्या मॅनेजरने टाइमशीटसाठी स्क्रीन शेअर केली तर माझ्या नावापुढे महिन्याचं बिल १ लाख ५५ हजार! १८ टक्के जीएसटी तर वरून वेगळा लागतो, आणि एम्प्लॉयरचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स सगळं धरलं तरी हिशोब जुळेना. मार्जिन घ्या ना बाबा, धंदाच आहे तुमचा, पण खोटं कशाला बोलायचं? पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. आकडा माहितीये हे सांगू, का मॅनेजर बिचारा गोत्यात येईल? आणि क्लायंटकडे डायरेक्ट जायचं तर अ‍ॅग्रीमेंटमधला 'एक वर्ष क्लायंटकडे जॉइन व्हायचं नाही' हा क्लॉज खरंच आडवा येतो का, कोणी केलंय का असं?