पाठीवर सॅक, समोर समुद्र : न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील सागरी प्राण्यांचे अनुभव

न्यूझीलंडमध्ये स्वस्त वसतिगृहांत आणि तंबूत मुक्काम करत, बसने आणि पायी हिंडणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना समुद्रातले प्राणी अगदी वाटेवरच भेटलेले आहेत. ते अनुभव एका ठिकाणी यावेत म्हणून हा धागा सुरू करत आहे. कोणता प्राणी दिसला एवढ्यावर थांबू नये, ही विनंती. तो काय करत होता, आपण किती अंतरावर होतो आणि आपल्या तिथे असण्याने त्याच्या वागण्यात काही फरक पडला का, हेही लिहावे. यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात कायकोउरापासून करतो. या गावासमोर किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच समुद्रतळ हजार मीटरांहून खोल दरीत उतरतो आणि त्या दरीतल्या खाद्यामुळे स्पर्म व्हेल तिथे वर्षभर दिसतात. स्थानिक माओरींनी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी, १९८७ साली सुरू केलेल्या नौकासेवेतून मी गेलो होतो. नौकेवरची मंडळी पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा ध्वनिग्राहक, सोडून व्हेलची टकटक ऐकत होती. ती थांबली की प्राणी वर यायला निघाला, असे समजतात. त्याचा फवारा सरळ वर न जाता पुढे आणि डावीकडे कलतो, कारण नाकपुडी डोक्याच्या टोकाशी डाव्या बाजूला असते. तेवढ्या खुणेवरून हा स्पर्म व्हेलच, हे दुरूनही ओळखता येते. सुमारे दहा मिनिटे तो पाण्यावर ओंडक्यासारखा पडून श्वास घेत राहिला, मग पाठ उंचावली, शेपूट उभी राहिली आणि तो खाली गेला. आम्ही नियमाप्रमाणे ५० मीटरांपलीकडेच थांबलो होतो आणि शेवटपर्यंत त्याच्या श्वासांची लय बदलली नाही, हे मी मुद्दाम लक्ष देऊन पाहिले. या देशात व्हेलची शिकार १९६४ पर्यंत चालू होती, आणि याच गावात व्हेलच्या मणक्यांच्या पायावर उभारलेले एक जुने घर आजही पाहायला मिळते. ते घरही अवश्य पाहावे.

*

कायकोउरालाच माझी नौकेची फेरी उंच लाटांमुळे रद्द झाली, म्हणून मी द्वीपकल्पाच्या पायवाटेने निघाले. पॉइंट कीनच्या वाहनतळाला लागूनच फर सील पहुडलेले असतात. १४ नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हा किनारा सुमारे एक मीटर वर उचलला गेला. पूर्वी भरतीच्या पाण्याखाली जाणारा कातळ आता कोरडा आहे आणि त्यावरचे शेवाळ व शंखशिंपल्यांतले जीव तेव्हा मोठ्या प्रमाणावर मेले. सील मात्र त्या नव्या कातळावरही पसरलेले दिसले. सीलपासून २० मीटर दूर राहावे आणि तो व समुद्र यांच्या मधे कधीही उभे राहू नये, अशी संवर्धन खात्याची सूचना आहे. मला त्याहून नेमकी खूण सीलच्या मानेत सापडली. त्याने डोके उचलून आपल्याकडे पाहिले की आपण मागे सरावे. मी काही पावले मागे गेल्यावर त्याने पुन्हा डोके टेकले, आणि मग मी तिथेच बराच वेळ बसून राहिले.

*

फर सील कातळावर विसावतो, सी-लायनला वाळू आवडते. ओटागो द्वीपकल्पावरच्या सँडफ्लाय बेची उंच वाळूची टेकडी उतरून आम्ही दोघे पुळणीवर आलो, तेव्हा एक मोठा नर पुढच्या परांनी अंगावर वाळू उडवत पडला होता. सील बहुधा माणसाला टाळून पाण्याकडे जातो. सी-लायन तसे करत नाही, तो कुतूहलाने किंवा धाक दाखवण्यासाठी सरळ आपल्याकडे येऊ शकतो. हाही उठला आणि जड शरीराला न शोभणाऱ्या वेगाने आमच्या रोखाने निघाला. आम्ही पळालो नाही, कारण पळणाऱ्याचा तो पाठलाग करतो. पाठ न फिरवता सावकाश मागे सरत गेलो, तेव्हा तो थांबला आणि पुन्हा आडवा झाला.

या प्राण्याची कहाणी मनाला फार भिडते. माणसाच्या शिकारीमुळे तो मुख्य भूमीवरून नाहीसा झाला होता. १९९३ साली ओटागोच्या किनाऱ्यावर एका मादीने पिल्लाला जन्म दिला आणि आज तिथे दिसणाऱ्या अनेक माद्या तिच्याच वंशातल्या आहेत. माद्या पिल्लांना घेऊन किनाऱ्यामागच्या झाडीत खूप आतपर्यंत जातात, त्यामुळे त्या भागात झुडपांतून वाट काढणाऱ्याने जपून चालावे.

याच पुळणीवर संध्याकाळी पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन, म्हणजे होइहो, परततो. पाच डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र आहे, पण त्याची संख्या झपाट्याने घटते आहे. पुळणीवर माणसे दिसली तर तो पाण्याबाहेर यायला धजत नाही आणि घरट्यातली पिल्ले उपाशी राहतात. त्याला पाहायचे असेल तर पुळणीच्या टोकाला बांधलेल्या आडोशातूनच पाहावे. आम्हाला त्या दिवशी तो दिसला नाही.

*

ओअमारूचा छोटा निळा पेंग्विन जगातला सर्वांत लहान, जेमतेम एक किलो वजनाचा. अंधार पडताना ते घोळक्याने किनाऱ्याला लागतात आणि काही थेट गावात शिरतात. म्हणून तिथे गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे लागते. पाहण्याच्या जागी छायाचित्रण करू देत नाहीत, हे मला अतिशय योग्य वाटले.

*

सर्वांनी दक्षिण बेटाविषयीच लिहिले आहे, म्हणून उत्तर बेटावरच्या गोट आयलंडविषयी लिहिते. १९७५ साली घोषित झालेले हे देशातले पहिले सागरी अभयारण्य. स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासनळी) लावून कमरेइतक्या पाण्यात उतरले, तर मोठमोठे स्नॅपर मासे माझ्या आजूबाजूने शांतपणे फिरत होते. पूर्वी अतिमासेमारीमुळे इथले स्नॅपर आणि शेवंडे कमी झाले होते. त्यांचे खाद्य असलेल्या समुद्री साळूंची संख्या बेसुमार वाढली आणि त्यांनी केल्पची (मोठ्या समुद्री शेवाळाची) रोपे फस्त करून खडक उघडे केले. मासेमारी बंद झाल्यावर मासे आणि शेवंडे वाढले, साळू आटोक्यात आले आणि केल्पचे रान पुन्हा उभे राहिले. हे सारे डोळ्यांनी पाहता येते. माशांना खाऊ मात्र घालू नये. ते माणसाजवळ खाण्यासाठी येऊ लागले, तर आपण पाहतो ते त्यांचे खरे वागणे उरत नाही.

*

अकारोआच्या बंदरात कायाक वल्हवत असताना हेक्टर्स डॉल्फिन आपणहून जवळ आले. लांबी दीड मीटरच्या आत, पाठीवरचा पर गोलसर. हा डॉल्फिन जगात फक्त न्यूझीलंडच्या पाण्यात आढळतो. ते जाळ्यांत अडकून बुडतात, म्हणून १९८८ साली या परिसराला संरक्षण देण्यात आले. आम्ही वल्ही आडवी धरून थांबलो. ते कायाकखालून दोनदा गेले आणि निघून गेले. त्यांच्या मागे जायचे नाही, हे आधीच ठरले होते.

*

दक्षिण बेटावरच्या आबेल तास्मान राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ६० किलोमीटरांचा किनारी मार्ग चालायचा आहे. वाटेवरून सील दिसतील का?

*

त्या किनाऱ्यालगतच्या छोट्या टोंगा बेटाभोवती दिसतील, पण त्यासाठी एक दिवस कायाक घ्यावा लागेल. पिल्ले नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मतात, त्यामुळे फेब्रुवारीनंतर ती पाण्यात खेळताना दिसण्याची शक्यता जास्त. कायाकही २० मीटर दूरच ठेवावा. दिवस ठरवण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहा. त्या मार्गावरची आवारोआची खाडी ओहोटीच्या दीड तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतच पायी ओलांडता येते आणि तिथे दुसरी वाट नाही.